बोईसरला येणाऱ्या बुलेट ट्रेनचा आजोबा!

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पालघर जिल्ह्यातली स्थानकं विरार आणि बोईसर. मग जपानी रेल्वे अभियंता हिदेओ शिमा हे नाव आपल्याला माहीत हवंच! जन्म १९०१. जपानचं गाजलेलं 'डी-५१' वाफेचं इंजिन त्यांच्याच देखरेखीखाली घडलं.

शिंकान्सेनसाठी, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनसाठी मात्र त्यांनी पुढे अवजड इंजिन लावलंच नाही. मोटारी डब्यांखालीच वाटून टाकल्या. रुळांवरचा भार विभागला गेला आणि वेग ताशी २१० किमी! (आपली विरार-डहाणू लोकलही डब्यांखालच्या मोटारींवरच पळते, बरं का.)

या प्रकल्पाचा खर्च अफाट वाढल्यावर १९६३ मध्ये शिमा पायउतार झाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिली गाडी सुटली, ती त्यांनी घरी टीव्हीवर पाहिली. पुढे १९६९ मध्ये हाच रेल्वेवाला जपानच्या राष्ट्रीय अंतराळ विकास संस्थेचा पहिला प्रमुख झाला!