आधी श्वास द्या, पाणी काढू नका

शेततळ्यातून बाहेर काढलेल्या मुलाभोवती गर्दी जमली की हमखास कुणीतरी ओरडतं, "उलटा धरा, पोटातलं पाणी काढा!" नेमकी तिथेच मोलाची मिनिटं वाया जातात.

फुप्फुसांत पाणी बहुधा थोडंच गेलेलं असतं. पण तेवढंही वायुकोश उघडे ठेवणारा पातळ थर धुऊन नेतं. वायुकोश मिटतात, रक्तातला ऑक्सिजन संपतो आणि मग हृदय थांबतं. चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. पोट दाबलं तर पोटातलं अन्नपाणी घशात येऊन श्वासनलिकेत उतरतं.

अचानक हृदय बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो. बुडालेल्याच्या रक्तात तो उरलेलाच नसतो, म्हणून इथे सुरुवात श्वासाने करायची. ॲमस्टरडॅममध्ये 1767 साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था निघाली. तोंडाने श्वास देणं आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणं, हे दोन्ही तिच्या उपायांत होते. धूर इतिहासजमा झाला, श्वास मात्र टिकला.

वाचवायला जाणाऱ्याने पाण्यात उडी टाकू नये. शेततळ्याच्या प्लॅस्टिक अस्तरावर पाय ठरत नाही. काठावर पालथं पडून बांबू किंवा दोर द्यावा, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोराला बांधून फेकावा.

बाहेर काढल्यावर त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा. अधूनमधून आचके येत असतील, तर तो श्वास समजू नका. डोकं मागे झुकवून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि छाती वर येईल असे पाच श्वास द्या. तोंडाशी फेस आला तरी पुसत बसू नका. मग छातीच्या मधोमध 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30 दाब. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर, मुलाची एक-तृतीयांश खोल दाबा. वेग मिनिटाला 100 ते 120. दुसऱ्याने तेवढ्यात 108 ला फोन लावावा. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. रुग्णवाहिकेला तास लागला तरी एकमेकांना आलटूनपालटून विसावा देत राहा.

श्वास सुरू झाला की कुशीवर ठेवा, ओले कपडे काढून पांघरूण घाला. उठून बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच; धाप काही तासांनीही वाढू शकते. ग्रामसभेत, शाळेत हे तंत्र प्रात्यक्षिकासह शिकवलं गेलं पाहिजे, कारण काठावर पहिला पोहोचतो तो शेजारीच.