लाल छातीचा माशीमार : ओळख आणि नोंद

पावसाळा सरताच महाराष्ट्रातील आमराया, जुन्या बागा आणि वनांच्या कडा येथे एक इवला पाहुणा दाखल होतो. लाल छातीचा माशीमार हे त्याचे नाव. लांबी सुमारे १२ सेंटीमीटर, वजन जेमतेम १० ग्रॅम. पूर्व युरोपपासून पश्चिम सैबेरियापर्यंतच्या अरण्यांत त्याची वीण होते. युरोपातील इतर माशीमार हिवाळ्यात आफ्रिकेची वाट धरतात. हा मात्र आग्नेयेकडे वळून भारतीय उपखंडात येतो आणि वसंतात परततो.

सावलीतल्या फांदीवर बसून तो पंख किंचित खाली सोडतो आणि शेपटी झटक्याने वर उचलतो. त्या वेळी काळसर शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे चमकतात. फांदीवरून झेपावून तो उडते कीटक टिपतो, क्वचित जमिनीवरही उतरतो.

नावातील लाल रंगावर मात्र विसंबून चालत नाही. तो केवळ प्रौढ नराला असतो. मादी आणि कोवळे नर वरून तपकिरी, खालून फिकट असतात. त्यातच सैबेरियाच्या पूर्व भागातून येणारा तैगा माशीमार जवळजवळ असाच दिसतो. त्याच्या नराचा लाल रंग गळ्यापुरताच असून खाली राखाडी पट्टा असतो, आणि हिवाळ्यात तो रंगही ओसरतो. म्हणून रंगहीन पक्ष्याच्या बाबतीत दोन खुणा तपासाव्यात. लाल छातीच्या माशीमाराच्या खालच्या चोचीचे मूळ फिकट असते. तैगाची चोच बहुतांशी काळी असते. तैगाच्या शेपटीच्या मुळावरील पिसे शेपटीइतकीच किंवा अधिक काळी असतात. पहिल्याची तितकी गडद नसतात. दोघेही ‘टर्रर्र’ असा आवाज काढतात. तैगाचा अधिक जलद आणि कोरडा असतो.

विसाव्या शतकातील बहुतेक ग्रंथांनी या दोघांना एकच प्रजाती मानले होते. पुढे त्या स्वतंत्र ठरल्या. तेव्हा ज्या निरीक्षकांनी चोच, पिसे, आवाज यांचे वर्णन लिहून ठेवले होते, त्यांच्या जुन्या नोंदी नव्याने वाचता आल्या. ज्यांनी केवळ नाव लिहिले, त्यांचा पक्षी कोणता होता, हे आता सांगता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासात साधनांविषयी आम्ही जे सांगतो, तेच येथेही लागू पडते : निष्कर्ष बदलतो, प्रामाणिक पुरावा टिकतो. म्हणून विद्यार्थ्यांनी वहीत आधी तारीख, स्थळ आणि दिसलेल्या खुणा लिहाव्यात. नाव शेवटी लिहावे.