विमान एका तासाचे, प्रवास किती तासांचा?

कधी कधी आपल्या चिखलीवरून उंच आभाळात विमान जाते. मागे पांढरी रेघ राहते. पाहता पाहता विमान दिसेनासे होते. मग कोणी म्हणतो, "विमानाने मुंबई एका तासात!" हे कितपत खरे? चला, आपणच हिशेब करू.

आधी अंतर पाहू. रस्ता डोंगराला वळसा घालतो. चिखलीहून बुलढाण्यावरून मलकापूरला जाताना राजूरचा घाट लागतो. गाडी वळणे घेत घेत उतरते. घार मात्र सरळ उडते. विमानाची वाटही बरीचशी घारीसारखी सरळ असते. मुंबई ते नागपूर रेल्वेने 837 किलोमीटर आहे. सरळ रेघेत ते सुमारे 690 भरते. म्हणजे जवळजवळ 150 किलोमीटर वाचले.

आता वेळ पाहू. चिखलीला विमानतळ नाही. आपल्याला सोयीचा विमानतळ चिकलठाण्याचा. तो छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहराजवळ आहे. मुंबईहून तो सरळ रेघेत सुमारे 280 किलोमीटर आहे. मोठे विमान उंचावर तासाला सुमारे 800 किलोमीटर जाते. या हिशेबाने 21 मिनिटे लागायला हवीत. पण वेळापत्रकात सुमारे एक तास धरलेला असतो. असे का?

एस.टी.चेच पाहा ना. स्टँडवरून निघाली की बाजारातून ती हळूच जाते. पुढे मोकळा रस्ता मिळाला की वेग घेते. विमानही आधी जमिनीवर हळू चालते. धावपट्टीपाशी आपली पाळी येईपर्यंत थांबते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणून तिथे फार खोळंबा होतो. मग विमान वर चढते. पुरता वेग घेते न घेते, तोच उतरायची वेळ होते.

शिवाय विमान हात दाखवून थांबत नाही. सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते. ओळखपत्र दाखवावे लागते, झडती होते.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडा :

मुंबईत घर ते विमानतळ : 1 तास
विमानतळावर थांबणे : 2 तास
विमान : 1 तास
सामान घेऊन बाहेर येणे : अर्धा तास
जालना, देऊळगाव राजावरून चिखली : 3 तास
एकूण : साडेसात तास

रात्री मुंबईत रेल्वेत बसले, तर पहाटे मलकापूर येते. तिथून मोटारीने चिखली. यालाही दहा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे विमानाने दोन-अडीच तासच वाचले.

युरोपातही असेच आहे. लंडन आणि पॅरिस यांच्या विमानतळांत सुमारे 350 किलोमीटर अंतर आहे. विमान सव्वा तासात पोचते. पण 1994 पासून समुद्राखालच्या बोगद्यातून आगगाडी धावते. तिला सव्वादोन तास लागतात. तरी पुष्कळ लोक आगगाडीच धरतात, कारण ती शहरातून निघते आणि शहरातच पोचवते.

मग विमान कशाला? लांबच्या पल्ल्याला. मुंबई ते दिल्ली रेल्वेने जलद गाडीलाही पंधरा-सोळा तास लागतात. विमान सव्वादोन तासांत जाते. तिथे खरा फायदा.

घरी कोणी आजारी पडले, मुलाला मुंबईहून बोलावले, तर तो म्हणेल, "विमानाने तासात येतो." तुम्ही मात्र साडेसात तास धरा. दवाखान्यात न्यायचे असेल, तर त्याची वाट पाहत बसू नका. आणि तिकिटाला पैसे मोजण्याआधी घर ते घर वेळ मोजा.