दवाखान्यातून आल्यावर ससा खायचा थांबला तर
लेखमाला : घरातले मुके सोबती – भाग ९

मागच्या आठवड्यात आपण सशाची खरूज आणि तिचे उपचार पाहिले. आज त्याच्या पुढची, जास्त घाबरवणारी अवस्था पाहू. खरूज असो, कानातला मळ असो की साधी जखम, डॉक्टरांनी औषध दिलं आणि ससा घरी आला. दुसऱ्या दिवशी पाहावं तर तो कोपऱ्यात अंग आवळून बसलेला. गवताला तोंड लावत नाही, पिंजऱ्यात लेंड्या दिसत नाहीत, कधी दातांवर दात घासल्याचा आवाज येतो. घरातलं कुणी म्हणतं, इंजेक्शनची ग्लानी असेल, पडू द्या त्याला, उद्या बघू. कुत्र्याच्या बाबतीत असं थांबून एखाद्या वेळी निभावतं. सशाला मात्र दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर ती तातडीची वेळ समजायची, मग बाहेर रात्र असो की रविवार.

कारण त्याच्या पोटाच्या रचनेत आहे. सशाच्या पचनमार्गाचा सुमारे ४० टक्के भाग एकट्या अंधनालाने, म्हणजे आतड्याच्या एका पिशवीने, व्यापलेला असतो. तिथे कोट्यवधी जिवाणू गवताचा तंतू आंबवतात आणि त्यातून सशाला ताकद मिळते. मऊ, चिकट लेंड्या ससा स्वतःच खातो, त्याही इथेच तयार होतात. हे आतडं सतत हलतं राहावं लागतं. वेदना, भीती किंवा उपास यांपैकी कशानेही ते मंदावतं. मग आतलं अन्न सुकतं, वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. सशाला उलटीही होत नाही, त्यामुळे आत साचलेलं वर फेकण्याची वाट बंद. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात तसं सशाला ठेवत नाहीत.

आता औषधाकडे येऊ. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले कामाचे जिवाणू मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जिवाणू वाढतात. एक-दोन दिवसांत, कधी त्याहून उशिरा, पाण्यासारखी हगवण सुरू होते, अंग गार पडतं, आणि पुष्कळदा ससा हाती लागत नाही.

धोका तोंडावाटे देण्यात आहे, याला पेनिसिलिनच्या इतिहासात चांगला दाखला आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ च्या आपल्या निबंधात नोंदवलं की पेनिसिलिन असलेला द्रव सशाच्या शिरेत टोचला तरी त्याला अपाय झाला नाही. तो ससा वाचला, कारण औषध आतड्यात न जाता थेट रक्तात गेलं होतं. पुढे १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनवर काम करणाऱ्या फ्लोरी यांच्या गटाने उंदरांवर निर्णायक प्रयोग केला, आणि उंदरांना ते मानवलं. गिनीपिगना मात्र पेनिसिलिन मानवत नाही, हे १९४३ मध्ये उघड झालं. पेनिसिलिन आजही काही आजारांत सशाला सुईने देतात. धोका आहे तो तोंडावाटे देण्यात. म्हणून लहान मुलांचं उरलेलं प्रतिजैविकाचं गुलाबी सिरप सशाला पाजू नका, मेडिकलवाल्याने सांगितलं तरीही. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिलं तर आदराने, पण स्पष्ट विचारा : हे सशाच्या पोटाला चालतं ना? एन्रोफ्लॉक्सासिनसारखी चालणारी औषधं आहेत.

दुसरं नाव फिप्रोनिल. कुत्र्याच्या गोचिडांसाठी त्याचा फवारा सर्रास मिळतो. सशावर तो मारायचा नाही. त्याने झटके येऊन ससे दगावले आहेत. खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन वजनाच्या हिशेबाने देतात, म्हणून आधी ससा तोलून घ्यावा.

कधी औषध निर्दोष असतं आणि घात पकडण्यात होतो. सशाच्या अंगात हाडांचा वाटा फक्त ७ ते ८ टक्के, मांजरात तो १२ ते १३. हाडं अशी हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे. टेबलावर घाबरून त्याने जोरात लाथ झाडली तर त्याचं स्वतःचंच कंबरेचं हाड मोडू शकतं. दवाखान्यातून आल्यावर ससा मागचे पाय ओढत असेल तर तो अशक्तपणा समजू नका, लगेच परत दाखवा. तपासताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली हवा. कान धरून तर कधीच उचलू नये.

आपल्या मलकापुरात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, ती म्हणजे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, आणि सशाला तीस अंशांच्या आसपासच त्रास सुरू होतो. भर दुपारी बंद पिशवीत, मोटारसायकलवर त्याला नेलं-आणलं तर जो ससा लुळा पडतो त्याला उष्माघात झालेला असतो, आणि दोष इंजेक्शनला लागतो. सकाळी लवकर न्या, हवा खेळेल अशी टोपली घ्या. कान ओल्या फडक्याने पुसा, पण बर्फाचं पाणी ओतू नका. उलट अंग गार लागत असेल तर कूलरसमोरून हलवा, गोधडीत घ्या आणि निघा. गार पडलेला ससा हा तापलेल्या सशाइतकाच गंभीर असतो.

ससा खात नसेल तर आधी पोटाला हलका हात लावा. पोट टणक, फुगलेलं असेल तर काहीही भरवू नका, सरळ डॉक्टर गाठा. आतडं अडलेलं असू शकतं. पोट मऊ असेल तर सशाचं गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, वाटून, बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने थोडं थोडं द्या. घाई केली तर ते श्वासनलिकेत जातं. दूध नको, बिस्किट नको. ताकद यावी म्हणून सरकीची ढेप तर मुळीच नको; तिच्यातलं गॉसिपॉल सशाला बाधतं. जिनिंगच्या गावात ढेप हाताशी असते, म्हणून मुद्दाम सांगतो. कपाशीवर फवारणी चालू असताना धुऱ्यावरचं गवतही आणू नका. आणि हे भरवणं म्हणजे उपचार नव्हे. वेदनाशामक, सलाईन, आतडं हलवणारं औषध हे डॉक्टरांच्याच हातून व्हायला हवं.

तालुक्याच्या पशुवैद्यकाचा दिवस गाई, म्हशी, बकऱ्यांत जातो. ससा त्यांच्यापुढे क्वचित येतो, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना माहिती द्या, वाद घालू नका. दिलेल्या औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून मागा. पुढचा डॉक्टर पहिलं तेच विचारणार आहे. इथे इलाज होत नसेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला रेल्वेच्या एकाच मार्गावर आहे. निघण्याआधी फोन करून ससा पाहतील का आणि कोणत्या वेळी, हे विचारून घ्या.

सगळं करूनही काही ससे जातात. जिवाणूंचं विष अंगात भिनल्यावर मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्याही हातात फार थोडं उरतं. पोरं विचारतात, आपण नेलं म्हणून मेला का? त्यांना खरं सांगावं : आजार होता म्हणून नेलं, आणि नेणं बरोबरच होतं. त्यांना रडू द्यावं. आठवड्यात दुसरा ससा आणून त्यांचं तोंड बंद करू नये.

ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी आजच दोन कामं करावीत. किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचं वजन करून लिहून ठेवावं, आणि रात्री फोन उचलणाऱ्या पशुवैद्यकाचा नंबर त्याच कागदावर घ्यावा.