डोंगरातलं चार माणसांचं लग्न : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुरहानपूर तापीकाठी वसलंय आणि सातपुडा त्याच्या दारातच आहे. खकनारवरून धारणीकडे निघालं की मेळघाट लागतो, त्यापुढे चिखलदरा. खंडवा, इटारसी करत पिपरियाला उतरलं की पचमढी. मांडव, वरात आणि पंगती टाळून डोंगरात चार माणसांच्या साक्षीने लग्न करावं, असं इथल्या अनेक मुलामुलींना वाटतं. कुणाला कर्ज काढून लग्न नको असतं, तर कुणाच्या घरून जातीधर्मामुळे नकार असतो. माहिती मात्र दोघांनाही ऐकीव मिळते. त्यापायी कुणाचं लग्न कायद्यापुढे टिकत नाही, तर कुणी जंगलाच्या फाटकावरून परत येतं. घरी सांगा अथवा सांगू नका, पण सरकारी कागदावर तुमचं लग्न उघड असलं पाहिजे. तुमचं खरं संरक्षण तिथेच आहे.

गैरसमज १ : पळून जाऊन लग्न करणं हा गुन्हा आहे.

वस्तुस्थिती : मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असेल, दोघांची राजीखुशी असेल, तर आईवडिलांची परवानगी कायदा मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंह प्रकरणात हे स्पष्ट केलं. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात तर अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकली. धमकी आली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मुलगी १८ च्या आतली असेल, तर मात्र तिच्या संमतीला कायद्यात किंमत नाही. तिला नेणाऱ्यावर अपहरणाचा आणि पोक्सोचा गुन्हा लागू शकतो. म्हणून वयाचा पुरावा आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

गैरसमज २ : स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की लग्न झालं.

वस्तुस्थिती : नोटरीला लग्न लावण्याचा अधिकारच नाही. असे विवाहाचे कागद करू नयेत, अशी ताकीद केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना दिली आहे. उद्या वारसा, पोटगी किंवा पासपोर्टचा प्रश्न आला की हा कागद कामाला येत नाही, आणि त्याची झळ बहुतेक वेळा मुलीलाच बसते.

गैरसमज ३ : कोर्ट मॅरेज एका दिवसात उरकतं.

वस्तुस्थिती : कोर्ट मॅरेज होतं विशेष विवाह कायद्याखाली; तो १९५४ चा आहे आणि कोणत्याही धर्माच्या, जातीच्या किंवा जमातीच्या जोडप्याला चालतो. त्यासाठी कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. लग्नाची नोटीस ज्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याला द्यायची, तिथे दोघांपैकी एकाचं नोटिशीआधी सलग किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस थांबायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘आजच्या आज करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

गैरसमज ४ : नोटीस लागली की घरचे लग्न थांबवू शकतात.

वस्तुस्थिती : नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते. ती घरी पाठवावी असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण भिंतीवरचा कागद कुणीही वाचू शकतो, हे धरून चाला आणि सुरक्षिततेची तयारी नोटिशीआधीच करा. आक्षेप कुणीही घेऊ शकतो, पण कारणं ठरलेली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं किंवा संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण त्यात बसत नाही. आक्षेप आला तर अधिकाऱ्याने चौकशी करून ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

गैरसमज ५ : हे लग्न सरकारी कार्यालयातच लागतं.

वस्तुस्थिती : विशेष विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार जादा शुल्क भरून कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही लग्न लावता येतं. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार समोर हवेत, आणि दोघांना समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार केल्याचं बोलायचं असतं. ते मराठीतही चालतं. पण बुरहानपूरच्या अधिकाऱ्याचा अधिकार बुरहानपूर जिल्ह्यापुरता आहे. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, म्हणजे दुसऱ्या राज्यात, आणि पचमढी नर्मदापुरम जिल्ह्यात. त्यामुळे सोपा मार्ग असा : सह्या बुरहानपुरात करा, हार डोंगरात घाला.

गैरसमज ६ : विधी नको, नोंदणीचं प्रमाणपत्र पुरे.

वस्तुस्थिती : हिंदू विवाह कायद्याखाली (बौद्ध, जैन आणि शीखही त्यातच येतात) दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावाच लागतो. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलेल्या एका जोडप्याचं लग्न झालंच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. उलट, विधी करून नोंदणी टाळणंही धोक्याचं आहे, कारण पुढे लग्न सिद्ध करणं अवघड जातं. विधीचे फोटो, गुरुजी किंवा भंतेजींची सही आणि साक्षीदारांचे पत्ते जपून ठेवा.

गैरसमज ७ : तिकीट काढलं की राष्ट्रीय उद्यानात लग्न लावता येतं.

वस्तुस्थिती : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवेशाचा परवाना पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास अशा ठरावीक कामांसाठी मिळतो. लग्नसमारंभ त्या यादीत नाही. मेळघाटचं गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि पचमढीजवळचं सातपुडा राष्ट्रीय उद्यान ही वाघाची घरं आहेत. जंगल धोक्यात येईल अशी आग पेटवायला तिथे बंदी आहे, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या सागाच्या पाचोळ्यात होमाची एक ठिणगीही पुरते. शिवाय मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. चिखलदरा आणि पचमढी ही गावं मात्र उद्यानाबाहेर आहेत. तिथल्या विश्रामगृहाच्या अंगणात, मालकाच्या परवानगीने, डीजे आणि फटाक्यांशिवाय सोहळा करा. दुसऱ्या दिवशी रीतसर सफारीला जा.

गैरसमज ८ : असं लग्न आपल्या संस्कारात बसत नाही.

वस्तुस्थिती : लग्न जमावं म्हणून मुलींना एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर वाचायला सांगणारी घरं आजही आहेत. त्यातली नायिका वऱ्हाडातली, कौंडिण्यपूरची. भावाने ठरवलेलं स्थळ नाकारून तिने स्वतः कृष्णाला पत्र पाठवलं. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेलं, असं वऱ्हाडात मानतात. तिच्या निर्णयाला आपण पिढ्यान् पिढ्या हात जोडत आलो, तर आपल्या लेकीचं म्हणणंही शांतपणे ऐकून घेऊ शकतो.

आता तारखा मांडा. २५ नोव्हेंबरला डोंगरात हार घालायचे असतील, तर सप्टेंबरच्या मध्याला नोटीस द्या, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सह्यांचा मार्ग मोकळा होईल. दोघांची मूळ कागदपत्रं आपापल्या ताब्यात असू द्या. ऐनवेळी फोन उचलतील असे तीन साक्षीदार निवडा. प्रमाणपत्राच्या दोन प्रती घ्या, एक प्रत विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, आणि मगच सातपुड्याची गाडी पकडा.