टाकी भरली, पण हवा निघाली का?

जुन्या व्हॅनचं कूलंट बदललं की गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टाकी गळ्यापर्यंत भरली, झालं काम." याच समजुतीपायी इंजिनं जळू शकतात. टाकीत दिसतं ते फक्त वरचं पाणी. बाकीचं पाइपांत, रेडिएटरमध्ये, हीटरमध्ये आणि इंजिनच्या आतल्या वाटांमध्ये असतं, आणि तिथे हवा दडून बसली तर टाकीवरून काहीच कळत नाही.

फोक्सवॅगनच्या टी-३ व्हॅनइतकं हे दुसरीकडे क्वचितच उघड दिसतं. १९७९ साली ती हवेने थंड होणाऱ्या इंजिनासह आली. १९८२ च्या अखेरीला तिला पाण्याने थंड होणारं १.९ लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं. इंजिन मागेच राहिलं, रेडिएटर मात्र थेट नाकाशी बसवला. मधे गाडीच्या पोटाखालून गेलेले दोन लांब पाइप. सगळं मिळून सोळा-सतरा लिटर कूलंट. छोट्या मोटारीत ते चार-पाच लिटरच असतं.

"इंजिन चालू ठेवलं की हवा आपोआप निघते," हेही या गाडीला लागू नाही. हवा उंच जागा शोधते. रेडिएटरच्या माथ्यावर साचली की मागच्या टाकीपर्यंत ती परत येईलच असं नाही. पाण्याचा पंप पंख्यासारखा फिरून पाणी फेकतो, पण हवा त्याला ढकलता येत नाही. मग पाण्याचं फिरणंच मंदावतं. धातूला पाण्याऐवजी हवा टेकते, तिथलं तापमान चढतं, शेजारचं पाणी उकळतं आणि वाफेने बुडबुडा आणखी फुगतो.

म्हणून ठरलेली रीत पाळावी. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. गाडीचं नाक सुमारे ४० सेंटिमीटर उचलून भक्कम स्टँडवर ठेवायचं, म्हणजे रेडिएटर सर्वांत उंच होतो आणि हवा तिथे जमते. पुढची जाळी काढून रेडिएटरच्या वरचा हवा काढायचा स्क्रू सैल करायचा आणि मागच्या टाकीतून कूलंट ओतत राहायचं. मग इंजिन चालू करून २,००० फेऱ्यांच्या वर ठेवायचं. स्क्रूतून आधी फसफस, मग थुंकल्यासारखे थेंब, आणि शेवटी बुडबुडा नसलेली धार येते. ती आली की स्क्रू बंद. मागे एकाने ओतत राहायचं, पुढे दुसऱ्याने स्क्रूवर नजर ठेवायची. हे एकट्याने उरकायचं काम नाही.

"तापमानाचा काटा खाली आहे, म्हणजे इंजिन थंड आहे," हाही एक समज. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं सांगतो. हवेत उघडा पडला तर इंजिन तापत असतानाही काटा खालीच राहू शकतो. इंजिन गरम, हीटर पूर्ण चालू आणि तरी वारा गारच येत असेल, तर हवा अडकल्याचा संशय आधी घ्यावा.

आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे; उष्ण हवेत तो लागत नाही, असं सांगतात. अनेक इंजिनांत तापल्यावर बायपासची वाट तोच बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता पुन्हा इंजिनातच फिरतो. कूलंट थंड देशांसाठीच असतं, हाही असाच समज. ते गंज रोखतं आणि उत्कलनबिंदू वाढवतं. टी-३ च्या इंजिनाची हेड अ‍ॅल्युमिनियमची आहेत; बोअरचं जड पाणी तिथे क्षार धरतं. डिस्टिल्ड पाणी आणि फॉस्फेट नसलेलं कूलंट निम्मं-निम्मं घ्यावं.

घाटात गाडी तापली की झाकण उघडू नये, हे मला तळमळीने सांगावंसं वाटतं. आत दाब असतो, त्यामुळे १०० अंशांच्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही. झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर उसळतं. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावं.

हवा नीट काढूनही दर वेळी नवे बुडबुडे येत राहिले, तर पुन्हा पुन्हा भरत बसू नये. ज्वलनाचा वायू हेडमधून पाण्यात शिरत असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती आधी तपासून घ्यावी.