शटर चॅनेलमधून निसटलं? आधी मागं सरा!

पूर्वी दुकानांना फळ्या असायच्या. प्रत्येक फळीवर आकडा घातलेला. सकाळी एकेक काढायची, रात्री ओळीनं बसवायची. हातातून सुटली तर फार तर पायाच्या बोटावर पडायची. आता सातारा-सांगलीत वाडीवस्तीवरसुद्धा लोखंडी शटर आलंय. सोसायटीचं खताचं गोदाम, रेशन दुकान, ग्रामपंचायतीचे व्यापारी गाळे, बेदाण्याचं शेड, ट्रॅक्टर लावायची खोली, सगळीकडं शटरच. वस्तू चांगली, यात वाद नाही. पण ते चॅनेलमधून निसटून तिरकं अडकलं की आपली माणसं जे करतात, ते बघून अंगावर काटा येतो.

चौघं जमतात. एक जण पहार घालतो, दुसरा वाकून खाली खांदा लावतो आणि लांब उभा राहिलेला तिसराच ओरडतो, "लावा की ताकद!" काही बहाद्दर तर हँडलला दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढायला निघतात.

शेतकरी बंधूंनो, त्या शटरचं वजन किती, याचा हिशेब एकदा करून बघा. दहा फूट रुंद, दहा फूट उंच शटर, पट्टीची जाडी सव्वा मिलिमीटर. नुसत्या सपाट पत्र्याचंच वजन नव्वद किलोच्या आसपास भरतं. पट्ट्यांच्या मुडपलेल्या कडा आणि तळाचा अँगल धरला तर शंभरी सहज ओलांडते. म्हणजे सिमेंटची दोन पोती डोक्यावर टांगलेली! एवढं वजन एका हातानं वर जातं, ते वरच्या पाइपवरच्या स्प्रिंगमुळं. शटर खाली ओढलं की स्प्रिंग पिळली जाते, वर सोडलं की सैल होते. त्यामुळं उघड्या शटरला वजनाची भीती आणि बंद शटरला स्प्रिंगची. अर्ध्यात अडकलं तर दोन्हीची. रोज हलकं जाणारं शटर एकाएकी जड लागलं, तर बहुतेक स्प्रिंग तुटली असं समजा आणि दुसऱ्यांदा जोर लावू नका.

मग करायचं काय? पहिल्यांदा खालची माणसं आणि कडेची पोरं लांब करा. शटर आहे तिथंच राहू द्या. मोटारीचं असेल तर मेन स्विच बंद करा, बटण पुन्हा दाबून बघू नका. मोटारीला खाली शटर अडकलंय हे कळत नाही. ती वरून पट्ट्या सोडतच राहते आणि अडकलेलं सुटलं की सगळा ढीग एकदम खाली येतो. हाती ओढायचं शटर अर्ध्यात असेल, तर त्याच्या खाली न शिरता दोन्ही कडांना तळाच्या अँगलखाली भक्कम वासे उभे करा. टेकू फरशीवर बसला पाहिजे, पोत्यावर किंवा सुट्या विटांवर नव्हे. वरचा ब्रॅकेट भिंतीतून सुटलेला दिसला, तर टेकूच्याही नादाला लागू नका. दोरी बांधून वाट बंद करा आणि शटरच्या मिस्त्रीला बोलवा. गावातला वेल्डर कितीही हुशार असला, तरी स्प्रिंगचं काम त्याला देऊ नका. आत माल आहे म्हणून रात्री राखणीला माणूस बसवावा लागला, तरी परवडतं. फक्त तो शटरपासून लांब बसवा.

दुर्दैवानं कुणी खाली सापडलाच, तर त्याला ओढू नका. दोन्ही कडांना ट्रॅक्टरचे जॅक लावून शटर थोडं थोडं उचला, खाली लाकडी ठोकळे सरकवत जा. तोवर एकानं १०८ ला फोन करावा.

आता शटर निसटतं कशानं, ते बघू. ट्रॉली मागं घेताना चॅनेलला बसलेला धक्का हे नेहमीचं कारण. चॅनेल बोटभर वाकलं तरी पट्टी तिथं अडते. दुसरं कारण आतल्या थप्पीचं. पोती शटरला टेकवून लावली की शटरला पोट येतं आणि पट्ट्यांची टोकं चॅनेलबाहेर ओढली जातात. वळवाचं वारंही रुंद शटरला हेच करतं. थप्पी दोन फूट आत घ्या, जागेचा लोभ धरू नका. खताच्या गोदामात गंज लवकर धरतो, तिथं जास्त लक्ष हवं.

पूरपट्ट्याचं दुखणं वेगळंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट! २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. सांगलीपासून पलूस, वाळवा, वर कराड-पाटणपर्यंत पाण्यानं शटरं गाळात उभी केली. पाणी ओसरल्यावर लोकांनी ती धुतली, रंगवली. पण पट्ट्यांच्या मुडपीत बसलेला गाळ रंगाखाली ओल धरून राहतो. पट्टी आडवी सरकू नये म्हणून टोकाला जे लॉक असतात, ते आतून कुजतात. तेव्हा रंग बघून फसू नका. शटर बंद करून आतून बॅटरी मारा, दोन्ही टोकं तपासा. एखादी पट्टी अर्धा इंच जरी सरकलेली दिसली, तरी मिस्त्रीला बोलवायची वेळ झाली.

आणि ते जळकं ऑइल चॅनेलमध्ये ओतायचं आधी बंद करा. धूळ, हळदीची भुकटी, सिमेंट सगळं त्याला चिकटतं आणि घट्ट बसतं. चॅनेल ब्रशनं कोरडं साफ करावं, फार तर मेणबत्ती घासावी.

सरपंच आणि सोसायटीच्या सचिवांना एक सांगणं. गाळ्याचं शटर बिघडलं की भाडेकरू म्हणतो पंचायतीनं करावं, पंचायत म्हणते भाडेकरूनं करावं. तोवर ते तारेनं बांधून वर्ष काढतं. दुरुस्ती कुणाची आणि वर्षातून तपासणी कधी, हे करारनाम्यात दोन ओळींत लिहून घ्या. नवं शटर घेताना दरपत्रक 'आयएस ६२४८' प्रमाणे मागवा. पट्टीची जाडी आणि बॉल बेअरिंग त्यात स्पष्ट लिहायला लावा. दहा चौरस मीटरच्या वरचं दार असेल, तर हाती ओढायचं शटर घेऊच नका, साखळीचं घ्या. चार पैसे जास्त जातील, पण ते मासिक सभेत मंजूर करून घेता येतात.